सैरंध्रीचे शिल्प, सैरंध्रीच्या अटी

(सौंदर्यसेवा प्रशिक्षणवर्गाच्या समारोपप्रसंगी, प्रमाणपत्र घेणाऱ्या युवती आणि त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन.)



बारा वर्षांचा वनवास संपला आणि पांडवांपुढे अज्ञातवासाचा प्रश्न उभा राहिला. ओळख लपवून एक वर्ष काढायचे, तर निर्वाहाचे साधन हवे. भीम विराटाच्या पाकशाळेत गेला, अर्जुन नृत्यशिक्षक झाला, नकुलाने अश्वशाळा पत्करली आणि सहदेवाने गोधन. आणि सम्राज्ञी द्रौपदीने कोणते काम निवडले? ती राणी सुदेष्णेची सैरंध्री झाली. केशरचना करणे, उटी घोटणे, फुलांच्या माळा गुंफणे हे तिचे काम. आजच्या भाषेत सांगायचे, तर द्रौपदीने वर्षभर ब्युटीशियनचा व्यवसाय केला.

अमरकोशाने सैरंध्रीची ओळख मोजक्या शब्दांत करून दिली आहे. ती परगृही राहते, ती शिल्प म्हणजे कसब जाणते आणि ती स्ववश असते. राबणे दुसऱ्याच्या घरी, पण मन व निर्णय स्वतःच्या हाती. आज या वर्गातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक युवतीने हे तीन शब्द प्रमाणपत्राइतकेच जपून ठेवावेत.

प्रथम परगृहाविषयी. दहावी-बारावी झालेली मुलगी 'ब्युटीशियन व्हायचे आहे' असे म्हणते, तेव्हा मध्यमवर्गीय घरात क्षणभर शांतता पसरते. मग कुणीतरी विचारते, "लोकांचे केस कापणार? लोकांच्या पायांना हात लावणार?" हा प्रश्न वरवर काळजीचा वाटतो, वस्तुतः त्याच्या तळाशी जातीचा गाळ साचलेला असतो. केशकर्तनाचे काम पिढ्यान् पिढ्या ज्या समाजाने केले, त्याला खालचे स्थान दिले गेले आणि कामालाही हलके ठरवले गेले. वारकरी संप्रदायाने मात्र संत सेना महाराजांना संतमालिकेत मानाने बसवले. सेना भजनात रंगले असताना प्रत्यक्ष पांडुरंग धोपटी घेऊन राजाची हजामत करण्यास गेला, अशी कथा परंपरा सांगते. ज्या कामाला देवाने हात लावला, ते काम हलके कसे? कीर्तनात ही कथा ऐकून डोळे पुसायचे आणि घरी येऊन मुलीला 'हे आपले काम नव्हे' असे बजावायचे, ही विसंगती समरसतेच्या गोष्टी करणाऱ्या घरांनी तरी ओळखली पाहिजे.

या कसबाने समाजाला शहाणेही केले आहे. विधवांचे केशवपन ही रूढी असलेल्या काळात, 1890 साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिक बांधव एकत्र आले आणि असहाय स्त्रियांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही, असे त्यांनी ठरवले. हातातल्या मिळकतीवर पाणी सोडून घेतलेला हा निर्णय होता. कसब कोठे वापरायचे नाही, हे ज्याला कळते, त्याचाच व्यवसाय अर्थपूर्ण होतो.

आता शिल्पाविषयी. प्राचीन परंपरेने चौसष्ट कलांमध्ये माला गुंफण्याला आणि सुगंधी द्रव्ये सिद्ध करण्याला स्थान दिले. वराहमिहिराने बृहत्संहितेत ग्रहनक्षत्रांबरोबर गंधयुक्तीचेही प्रकरण लिहिले आणि केस काळे करण्याची कृती नोंदवली. तथापि पूर्वजांच्या ज्ञानाचा अभिमान बाळगणाऱ्याला आजचे शास्त्र शिकण्यापासून सुटका नाही. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. त्यात त्वचा आणि केस यांची रचना शिकवली जाते, ती उगाच नव्हे. केसांच्या अनेक रंगांत पॅराफेनिलिनडायअमाइन हे रसायन असते आणि काहींना त्याची तीव्र ॲलर्जी येते. म्हणून कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस थोडा रंग लावून 48 तास वाट पाहायची असते. लग्नाच्या आदल्या दिवशी धावत आलेल्या ग्राहकाला "आज रंग लावणार नाही" असे सांगण्याचे धैर्य हासुद्धा कौशल्याचाच भाग आहे. प्रत्येक ग्राहकासाठी नवे ब्लेड, निर्जंतुक केलेली उपकरणे, थ्रेडिंगचा दोरा दातांत न धरता गळ्याभोवती अडकवणे, या गोष्टी लहान दिसतात. परंतु कावीळ ब आणि क यांचे विषाणू रक्ताच्या न दिसणाऱ्या अंशातूनही पसरतात. येथे स्वच्छता हाच धर्म होय.

तिसरा शब्द सर्वांत महत्त्वाचा: स्ववश. सैरंध्रीने सुदेष्णेकडे काम मागताना अटी घातल्या होत्या. उष्टे खाणार नाही आणि कुणाचे पाय धुणार नाही. आजच्या युवतीच्या अटी वेगळ्या असतील. पेडिक्युअर करताना ती आनंदाने पायांना हात लावील, कारण ती तिची विद्या आहे. पण अटी असल्याच पाहिजेत: ठरलेला मोबदला, ठरलेली वेळ, स्वतःच्या नावावरचे बँकखाते. स्वतःचे पार्लर काढायचे, तर 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाविना मिळते.

काही अटी न्यायालयात जाऊन मिळवाव्या लागल्या. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत स्त्रीने केशरचना करावी, पण रंगभूषा करू नये, असा दंडक कामगार संघटनेने अनेक दशके चालवला होता. शिकूनसवरून आलेल्या चारू खुराना यांना रंगभूषाकार म्हणून सदस्यत्व नाकारले गेले. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 10 नोव्हेंबर 2014 रोजी न्यायालयाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. सैरंध्रीच्या देशात स्त्रीच्या हाती रंगभूषेचा कुंचला देण्यासाठी न्यायालयाचा निर्णय लागावा, याची खंत वाटली पाहिजे.

आणि कीचकाचा विसर पडू नये. सुरा आणण्याचे निमित्त करून सुदेष्णेनेच सैरंध्रीला त्याच्या घरी धाडले. तिने भर सभेत दाद मागितली, तेव्हा राजाने न्याय दिला नाही. आज घरपोच सेवेसाठी अनोळखी दार ठोठावणाऱ्या युवतीच्या पाठीशी 2013 चा कायदा आहे. कामानिमित्त जावे लागते ते ठिकाण हेही कामाचे ठिकाण मानले जाते; दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या पार्लरमधील तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. पालकांनी मुलीला कामापासून रोखू नये. तिने सांगितलेले ऐकून घ्यावे आणि तिच्याबरोबर समितीच्या दारापर्यंत जावे. संरक्षण या शब्दाचा अर्थ हाच आहे.

शेवटी, या व्यवसायाच्या सचोटीची खरी कसोटी. द्रौपदीचे एक नाव कृष्णा, कारण तिचा वर्ण सावळा. तिचे रूप पाहून राजाचे मन चळेल की काय, अशी धास्ती सुदेष्णेला वाटली. पंढरीचा विठ्ठल सावळा, यशोदेचा कान्हा सावळा, आणि तरीही लग्नाच्या जाहिरातीत वधू गोरीच हवी! या विसंगतीवर मोठा बाजार उभा आहे. 1975 पासून विकल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध क्रीमने 2020 साली नावातून गोरेपणाचा शब्द वगळला. घराघरांतील मनातून तो अजून वगळला गेलेला नाही. पाऱ्याचा अंश असलेल्या क्रीममुळे मूत्रपिंडे बिघडलेले रुग्ण केरळातील डॉक्टरांना आढळले. स्टिरॉइडयुक्त 14 मलमे 2018 साली डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई करावी लागली, कारण गोरे होण्यासाठी ती सर्रास चेहऱ्याला फासली जात होती.

उद्या एखादी आई लग्नाला आलेल्या सावळ्या मुलीला घेऊन पार्लरची पायरी चढेल आणि विचारील, "महिनाभरात हिला गोरी कराल ना?" मुलगी खाली मान घालून उभी असेल. 'हो' म्हटले, तर दोन-चार हजार रुपये हमखास मिळतील. 'नाही' म्हटले, तर कदाचित ग्राहक जाईल. त्या क्षणी येथून शिकून गेलेल्या युवतीने सांगावे, "काकू, त्वचा निरोगी आणि टवटवीत ठेवता येईल. रंग बदलायचा नाही, आणि बदलण्याची गरजही नाही." मग त्या मुलीला आरशासमोर बसवावे, मान वर करायला सांगावी आणि तिचे केस विंचरायला घ्यावेत.