अन्नाचे वावडे आणि सैन्याची वाट



शेंगदाण्याच्या कुटाशिवाय आपल्याकडे उपासाची खिचडी होत नाही. हाच शेंगदाणा एखाद्या हुशार मुलाच्या सैन्यातील वाटेवर धोंड होऊन बसतो, असे मी म्हटले तर आपल्याला नवल वाटेल. विषय अमेरिकेतला आहे; परंतु खडकवासल्याची प्रबोधिनी ज्यांच्या ओळखीची आहे, त्या आपल्याला तो परका वाटू नये.

अमेरिकेत लष्करी अधिकारी घडविणाऱ्या मोठ्या अकादमी आहेत. वेस्ट पॉइंटची भूसेनेची अकादमी १८०२ सालची, ॲनापोलिसची नौदलाची १८४५ ची, आणि कोलोरॅडोतील वायुदलाची १९५४ ची. उमेदवार शरीराने पात्र आहे की नाही, हे संरक्षण खात्याचे एक वैद्यकीय मंडळ ठरविते. मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे किंवा काजू-अक्रोडासारखा सुका मेवा खाऊन पूर्वी तीव्र ॲलर्जी झालेली असेल, तर नियमाने तो उमेदवार अपात्र ठरतो. ॲलर्जी म्हणजे आपले साधे वावडेच. पण कधीकधी जिवावर बेतणारे.

हा नियम निष्ठुर आहे काय? जरा विचार करा. सैनिकाला बांधून दिलेल्या शिध्याच्या पाकिटांत शेंगदाण्याचे लोणीसुद्धा असते. मोहिमेवर असताना पानात काय पडले याची चौकशी करायला सवड नसते. झटका आला की ॲड्रेनलिनची सुई ताबडतोब टोचावी लागते. पण तेवढ्याने भागत नाही. काही तासांनी तो झटका पुन्हा उलटू शकतो, म्हणून रोग्याला देखरेखीखाली ठेवावे लागते. पाणबुडीत किंवा वाळवंटात इस्पितळ आणायचे कोठून? आणि अशा एकाला हलवायचे म्हणजे आणखी चौघांचा जीव धोक्यात घालायचा.

मग त्या मुलाने आशा सोडावी काय? नाही. त्याच्यापुढे दोन सरळ वाटा आहेत, आणि त्यांतला फरक नीट ध्यानात घेतला पाहिजे.

पहिली वाट म्हणजे, “हे निदान बरोबर नाही” असे पुराव्याने दाखविणे. त्वचेवरील चाचणीत गांधी उठली किंवा रक्तात विशिष्ट प्रतिद्रव्ये सापडली, एवढ्यावरून तो पदार्थ खाल्ल्यावर बाधतोच असे ठरत नाही. लहानपणी एकदा अंगावर पित्त उठते, कागदावर दोन अक्षरे पडतात, आणि ती जन्मभर पाठ सोडत नाहीत. खरी कसोटी निराळी आहे. तज्ज्ञ डॉक्टर आपल्या नजरेखाली तो पदार्थ प्रथम कणभर, मग थोडा थोडा वाढवीत खायला देतात आणि काय होते ते पाहतात. दूध-अंड्यांचे वावडे बहुतेक मुलांत वयाबरोबर जाते. शेंगदाण्याचे मात्र सुमारे पाचांतल्या एकाचेच जाते. ही कसोटी घरी कोणी करू नये, हे मला बजावून सांगायचे आहे.

दुसरी वाट सुटीची, म्हणजे नियमातून मिळणाऱ्या सवलतीची. येथे “वावडे नव्हतेच” असा दावा नसतो. “होते, परंतु आजचा धोका पत्करण्याजोगा आहे” असे म्हणणे असते. ही सूट ते वैद्यकीय मंडळ देत नाही; ज्या दलात जायचे त्या दलाचे अधिकारी देतात. ती मागण्याचा कागदही साधारणपणे अकादमीच पुढे सरकवते, आणि तोही जो विद्यार्थी तिला हवासा वाटतो त्याच्यासाठी. म्हणून एकीकडे नकार आणि दुसरीकडे होकार, असेही घडू शकते. कसोटीत पदार्थ निर्धोक पचल्याचा दाखला असेल, तर म्हणण्याला बळ येते.

तिसरी वाट आहे लपवाछपवीची, आणि तिचा मोह मोठा आहे. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, जन्माचे स्वप्न, आणि अर्जातला एक रकाना! आईबापांनाही वाटते, कोण पाहायला येणार आहे? पण ज्या अकादमीच्या सन्मानसंहितेत खोटे बोलणे हाच मोठा गुन्हा, तिच्या दारातच खोटे बोलून आत शिरायचे? उद्या त्याच्या शब्दावर विसंबून माणसे पुढे जाणार आहेत.

सूट म्हणजे दया नव्हे. ते धोक्याचे वजन आहे. ते वजन प्रामाणिक मापाने करायचे तर मापात घालायचा जिन्नस खरा हवा. मग उत्तर नकाराचे आले तरी मुलाला मान खाली घालावी लागत नाही.