मागच्या बाकावरची इंग्रजी



दहावी-बारावीच्या वर्गात इंग्रजीचा तास सुरू झाला की मागचे बाक मुके होतात, ही जुन्नर-आंबेगावातील शिक्षकांची नित्याची तक्रार आहे. ‘पोरांना शिकायचेच नाही’ असा निवाडा देऊन आपण मोकळे होतो. हा निवाडा मला मान्य नाही.

२००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली. म्हणजे आजचा दहावीतील मुलगा दहा वर्षे ती भाषा ऐकतो आहे. तरीही साधा अर्ज लिहिताना त्याचा हात अडखळतो. कारण त्याला भाषा नव्हे, उत्तरे शिकविली गेली. फळ्यावरचे उतरवायचे, गाईडातले घोकायचे, ३५ गुण गाठायचे. भीमाशंकरकडील महादेव कोळी आणि ठाकर मुलांना तर पुस्तकी मराठीदेखील घरची नसते.

एक अनुभव सांगतो. डिंभे धरणात जमीन गेलेल्या घरातील एक विद्यार्थी वर्षभर खिडकीबाहेर पाहत बसे. एके दिवशी पाठ बाजूला ठेवून मी २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील दोन कलमे मूळ इंग्रजीत वर्गात नेली. फळ्यावर ‘कॉम्पेन्सेशन’ लिहिताच त्याने मान वळविली. हा शब्द त्याने आजोबांच्या तोंडून ऐकला होता. मग त्याने विचारले, “सर, इथं ‘शॅल’ का? ‘मे’ का नाही?” हक्क आणि मेहेरबानी यांतील अंतर त्या दोन शब्दांत आहे. कोणत्या गाईडात ते सापडते? आणि परीक्षेत न वाचलेला उतारा येतोच. तेव्हा अभ्यासक्रम बुडाला असे कोणी म्हणू नये.

पूर्वेकडे सामग्री निराळी. नारायणगावच्या द्राक्षबागाईतदारांच्या मुलांपुढे निर्यातीपूर्वीचा प्रयोगशाळेचा अहवाल ठेवा. खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तेथील शास्त्रज्ञांना विचारायचे प्रश्न मुलांकडून इंग्रजीत लिहून घ्या. चुकले तर चुकू द्या.

लोहियांच्या वारसदारांनी इंग्रजीची वकिली करावी काय, असे काही सहकारी विचारतील. लोहियांचा विरोध राज्यकारभारात आणि न्यायालयात सामान्य माणसाला मुके करणाऱ्या इंग्रजीला होता. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडली, ती इंग्रजीतूनच. शिवाय, अप्रिय वाटले तरी बोलतो, ‘अंग्रेजी हटाव’च्या घोषणा दिलेल्या आपल्यापैकी कित्येकांची नातवंडे आज इंग्रजी माध्यमात आहेत. मग आदिवासी मुलाला ‘तुला मराठी पुरे’ हे कोणत्या तोंडाने सांगायचे? उच्च न्यायालयाचे कामकाज मराठीत यावे, ही मागणी आपण सोडलेली नाही. परंतु तोवर निकाल इंग्रजीतच येणार, आणि तो वाचून दाखविणारा गावात कोणी तरी हवा.

तेव्हा येत्या सत्रापासून प्रत्येक शाखेने जवळच्या शाळेला महिन्याला एक असा खरा कागद पोचवावा. प्रारंभ वनहक्क कायद्याच्या मूळ इंग्रजी प्रतीपासून करता येईल. छायाप्रतींचा खर्च शाखेच्या वर्गणीतून सहज भागेल.