लिव्हर तुटला, तर घरीच बसवा



श्रावणातल्या शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला गेलात, तर देवळाआधी मोटारसायकली दिसतात. हँडलला हँडल लावून, साइड स्टँडवर कललेल्या रांगाच्या रांगा. पावसाने माती मऊ झालेली असते. एकीचा स्टँड रुतला की ती शेजारच्या गाडीवर जाते, शेजारची तिच्या शेजारचीवर. उचलून बघावं तर टाकीला ओरखडाही नसतो, पण लिव्हर मात्र तुटलेला असतो. साइड स्टँड डावीकडे असल्यामुळे उभी गाडी बहुधा डाव्या अंगावरच पडते आणि बळी जातो तो क्लचच्या लिव्हरचा.

त्याचा दोष नाही. गाडी पडली की जमिनीला आधी टेकणाऱ्या वस्तूंत तो एक. तो ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा असतो, थोडा वाकतो आणि मग मोडतो. काही लिव्हरांच्या टोकाशी मुद्दाम एक बारीक खाच ठेवलेली असते. पडल्यावर टोकाचा तुकडा तिथून निघावा आणि उरलेल्यावर बोटं टेकवून घर गाठता यावं, हा तिचा हेतू. टोकाला गोल गोळी असते, ती अंगात घुसू नये म्हणून. गोळी गेली असेल, तर बाकीचा लिव्हर कितीही धड दिसो, तो बदलायचाच.

आणि वाकलेला लिव्हर दगडावर ठेवून ठोकून सरळ करायचा नाही. सरळ होतो, दिसतोही बरा. पण आत तडा गेलेला असतो, आणि तो उघड होतो नेमका ज्या दिवशी तुम्ही पूर्ण जोराने ब्रेक दाबता त्या दिवशी. दौलताबादहून वर चढणारा किंवा खुलताबादहून वेरूळकडे उतरणारा रस्ता ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता आपल्या जिल्ह्याची एक गंमत. 1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्या आगेमागे सुटे भाग बनवणारे कारखाने आले. गाड्यांचे ब्रेक, क्लच, शॉकअ‍ॅब्सॉर्बर तिथे तयार होतात. पाळीवर दिवसभर नट आवळणारा माणूस स्वतःच्या गाडीचा लिव्हर तुटला की सुट्टीची दुपार गॅरेजच्या बाकड्यावर काढतो! ज्याने कधी पाना हातात धरला नाही, त्यानेही सुरुवात करावी असं हे काम आहे.

दुकानात जाताना जुना लिव्हर खिशात घालून न्या. गाडीचं नाव सांगून भागत नाही. एकाच नावाच्या गाडीला एका वर्षी ड्रम ब्रेक असतो, पुढे डिस्क येते, आणि दोन्हींचे उजवे लिव्हर वेगळे. शक्यतो कंपनीचाच घ्या. रंगीत, दुमडणारे लिव्हर तरुणांना आवडतात. माझा त्यांच्यावर भरवसा नाही. त्याचं कारण ब्रेकच्या वेळी सांगतो.

क्लचपासून सुरुवात करू. इंजिन बंद, गाडी मेन स्टँडवर. लिव्हरजवळ केबल जिथे आत शिरते तिथे एक गोल अ‍ॅडजस्टर आणि त्याची चकती असते. चकती सैल करा, अ‍ॅडजस्टर आत फिरवा, केबल ढिली पडते. अ‍ॅडजस्टरला, चकतीला आणि लिव्हरच्या घराला एकेक उभी खाच आहे. तिन्ही खाचा एका रेषेत आणल्या की केबल तिथून अलगद बाहेर येते. लिव्हरच्या बोल्टला खाली लॉक नट असतो, बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. वरचा बोल्ट पेचकसने धरून नट काढा, मग बोल्ट काढा. लिव्हर हातात आला, की केबलच्या टोकाची घुंडी त्याच्या भोकातून सरकवून सोडवा. आत छोटा बुश असेल तर तो हरवू नका. केबलची एखादी तार तुटून फुलारलेली दिसली तर केबलही बदला.

जागा फडक्याने पुसा, बोल्टला आणि घुंडीला थोडंसं ग्रीस लावा आणि उलट्या क्रमाने नवा लिव्हर बसवा. बोल्ट इतकाच आवळा, की दाबून सोडल्यावर लिव्हर आपोआप झटकन परत यावा. तो अडखळत असेल तर बोल्ट जरा सैल करा, मग तो तसाच धरून खालचा नट घट्ट करा.

इथपर्यंत कोणालाही जमतं. खरं शिकायचं ते प्ले ठेवणं. लिव्हर हलकेच ओढला की केबल ताणली जाण्याआधी लिव्हर आणि त्याचं घर यांच्यात नाणं जाईल एवढी, दोनेक मिलिमीटरची फट पडली पाहिजे. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. फट अजिबात नसेल तर क्लच घसरतो. म्हैसमाळच्या चढाला इंजिन ओरडतं, गाडी मात्र पुढे सरकत नाही आणि प्लेटा जळतात. फट जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर कडकड वाजतात, सिग्नलला गाडी पुढे ओढते. शेवटी न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. इंजिनचा आवाज वाढला किंवा लिव्हरचा प्ले नाहीसा झाला, तर कुठलीतरी केबल ताणली जातेय.

आता उजवा हात. ड्रम ब्रेक असेल तर रीत जवळजवळ हीच, फक्त मुख्य अ‍ॅडजस्टमेंट चाकाजवळच्या नटाने होते. डिस्क असेल तर लोक ब्रेक ऑइलला घाबरतात. पण लिव्हर बदलायला ऑइलची वाट उघडावीच लागत नाही. ऑइलच्या डबीच्या झाकणाचे पेच आणि नळीचा बोल्ट यांना हात लावू नका. लिव्हरचं नाक आतल्या पिस्टनला टेकतं आणि ब्रेकच्या दिव्याची बारीक पिन शेजारीच असते, ती सांभाळा. लिव्हर सोडल्यावर त्या नाकाने पिस्टन दाबलेला राहता कामा नये. तो राहिला तर ब्रेक थोडा थोडा लागत राहतो, ऑइल तापून फुगतं आणि चाक धरून बसतं. मापात नसलेल्या फॅन्सी लिव्हरांचं दुखणं हेच आहे. म्हणून पुढचं चाक उचलून हाताने फिरवून बघा, मागचा दिवा लागतो-विझतो का बघा, आणि मग सपाट, रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात चार-सहा वेळा ब्रेक दाबा. पहिली चाचणी घाटात नको. डबीजवळ ऑइल पाझरताना दिसलं किंवा लिव्हरचं घरच तडकलं असेल, तर पाना खाली ठेवून मिस्त्रीकडे जा.

घाटातच पुढच्या ब्रेकचा लिव्हर मोडला तर? इंजिन सुरू, पहिला किंवा दुसरा गिअर, आणि मागचा ब्रेक दाबून न ठेवता थांबून-थांबून. सतत दाबलेला ड्रम तापतो आणि मग पकडत नाही. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून वेरूळपर्यंत घरंगळत जाणारे बहाद्दर आपल्याकडे कमी नाहीत. लिव्हर धड असतानाही ते करू नये. तुटलेल्या लिव्हरवर इंजिनही बंद असेल, तर उतरून गाडी हाताने ढकलत न्यावी, नाहीतर टेम्पो बघावा.