युक्रेनच्या गावांचा कारभार

युक्रेन म्हटलं की आपल्याला युद्ध आठवतं आणि सूर्यफूल तेलाचा वाढलेला भाव. आज बोलायचंय ते तिथल्या गावांबद्दल.

१ डिसेंबर १९९१ ला तिथे सार्वमत झालं. सोव्हिएत संघातून वेगळं व्हायचं का? ९० टक्क्यांहून जास्त लोक ‘हो’ म्हणाले. पूर्वेकडच्या दोनेत्स्क, लुहान्स्क भागात पुष्कळ घरांत रशियन बोलतात, तिथेही ८० टक्क्यांच्या वर. क्रिमियात मात्र निम्म्याहून थोडेच जास्त.

देश स्वतंत्र झाला, पण गावाच्या हाती काही आलं नाही. दहा हजारांहून जास्त छोट्या ग्रामपरिषदा होत्या आणि पैसा जिल्ह्याकडून यायचा. शाळेचं छप्पर गळतंय म्हणून कुणापुढे किती वेळा उभं राहायचं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

२०१५ मध्ये कायदा झाला. शेजारची गावं मिळून एक ‘ह्रोमादा’ करायची, म्हणजे आपली ग्रुप ग्रामपंचायत समजा, पण बरीच मोठी. आयकराचे ६० टक्के तिच्याकडेच राहणार. सुरुवातीला ज्यांची इच्छा त्यांनी एकत्र यायचं होतं. २०२० मध्ये सगळा देश अशा १,४६९ ह्रोमादांत वाटला गेला.

लहान गावांना धास्ती होतीच. मोठं गाव पैसा खाईल, आपली शाळा बंद पडेल. वाडीवस्तीवरच्या बायांना ही धास्ती नीट कळेल. म्हणून लहान गावाचं म्हणणं मांडायला ‘स्तारोस्ता’ ठेवला. आधी त्याला गाव निवडून द्यायचं, आता ह्रोमादाप्रमुख नाव सुचवतो आणि परिषद मंजूर करते. मला हे पटत नाही. ज्याने नेमलं त्याच्याशी गावासाठी कोण भांडेल?

बायांचं म्हणाल, तर मोठ्या ह्रोमादांत पक्षाच्या यादीत दर पाच नावांत किमान दोन बाया हव्यात. पण यादीत नाव म्हणजे खुर्ची नव्हे. आपल्याकडे ५० टक्के जागाच राखीव आहेत.

२०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने मोठा हल्ला केला. मेलितोपोल हे दक्षिणेकडचं, बरंचसं रशियन बोलणारं शहर. ते रशियन सैन्याच्या ताब्यात गेलं. ११ मार्चला सैनिकांनी महापौर इवान फेदोरोव यांना उचलून नेलं. दुसऱ्या दिवशी लोक निःशस्त्र रस्त्यावर आले. समोर बंदुका असताना ‘आमचा महापौर परत द्या’ म्हणाले. आपण मत देऊन बसवलेला माणूस होता तो, मग भाषा कुठलीही असो. पाच दिवसांनी कैद्यांच्या अदलाबदलीत ते सुटले.

आता लष्करी कायदा असल्याने निवडणुका थांबल्यात. आघाडीवरच्या पुष्कळ ठिकाणी लष्करी प्रशासन आहे. सैनिकांच्या पगारावरचा आयकर ह्रोमादांना मिळायचा, तो २०२३ मध्ये केंद्राने सैन्यासाठी घेतला. सैन्याला पैसा हवा हे सगळ्यांना मान्य, तरी तिथल्या शहरांच्या संघटनेने या निर्णयाला उघड विरोध केला. पाणी, शाळा, विस्थापितांची सोय, सगळं त्याच तिजोरीतून करायचं होतं ना!