घरपट्टीची थकबाकी आणि जप्तीचें वारंट

इ. स. १८६३ मध्यें बोरघाटांतून आगगाडी धावूं लागली आणि मावळच्या माथ्यावरील लोणावळें मुंबई-पुण्याच्या कुटुंबांना हवापालटासाठीं जवळचें झालें. १८७७ सालीं तेथें नगरपालिका आली. पुढें बंगले वाढत गेले. परंतु त्यांपैकीं कित्येकांचे मालक वर्षाचे बहुतेक दिवस परगांवीं असतात. बिल लोणावळ्याच्या दारावर येतें आणि मालक गिरगांवांत किंवा सदाशिव पेठेंत असतो. आषाढांत दारावर चिकटविलेला कागद दसऱ्यापर्यंत उरत नाहीं. मालकानें तो पाहिलेला नसतो. पण घरीं कोणी न भेटल्यास ठळक जागीं कागद चिकटविणें ही बजावणीची कायदेशीर रीत आहे. ‘मला बिल मिळालेंच नाहीं’ हें उत्तर म्हणूनच फारसें उपयोगी पडत नाहीं.

नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या महाराष्ट्र अधिनियमानें चालतो. त्यांतील वसुलीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. प्रथम बिल येतें. पंधरा दिवसांत रक्कम न भरल्यास मागणीची नोटीस निघते. त्यानंतरच्या पंधरा दिवसांतही भरणा झाला नाहीं, किंवा न भरण्याचें समाधानकारक कारण दाखविलें नाहीं, तर मुख्याधिकाऱ्याच्या सहीनें वारंट निघूं शकतें. त्या वारंटान्वयें जंगम मालाची जप्ती व विक्री करतां येते, तशीच स्थावर मिळकतही अटकावून विकतां येते. वसुली पथक दाराशीं उभें राहण्यापूर्वीं नागरिकाला बोलण्याची संधि दोनदां तरी मिळालेली असते.

ती दवडल्याची किंमत शास्तीच्या रूपानें मोजावी लागते. अधिनियमाच्या कलम १५०-अ प्रमाणें थकलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती चढते. दहा हजारांच्या थकबाकीवर महिन्याला दोनशें, वर्षाला चोवीसशें. पन्नास महिन्यांत शास्ती मुद्दलाइतकी होते. २०२५ सालीं राज्य सरकारनें नगरपरिषदांच्या थकबाकीदारांसाठीं अभय योजना आणली. परंतु तींतील सवलत शास्तीपुरती होती, मूळ कर भरावयाचा तो भरावयाचाच होता. अशा योजनेच्या आशेवर बिलें सांठवीत बसणें हा महागडा जुगार आहे.

कर जास्त वाटतो, बंगल्याचें माप चुकलें आहे, अथवा राहत्या घराची नोंद धंद्याच्या जागेंत झाली आहे, अशी तक्रार असल्यास तिची वेळ आकारणी यादी प्रसिद्ध होते तेव्हांची. बिलाविरुद्ध अपिलाची वाटही आहे, पण तिला मुदत आहे. पथक आल्यावर काढलेल्या तक्रारीनें जप्ती थांबत नाहीं.

तथापि पथकाचे हातही कायद्यानें बांधलेले आहेत. घरमालकानें प्रथम वारंट पाहण्यास मागावें. दार फोडण्याचा विशेष हुकूम वारंटांत असल्यावांचून दार फोडतां येत नाहीं. तसा हुकूम असला तरी आधीं आपला अधिकार व हेतु सांगून दार उघडण्यास सांगावें लागतें, आणि तें काम सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळांत करावें लागतें. स्त्रियांच्या दालनांत पूर्वसूचना देऊन त्यांना बाहेर पडण्यास अवधि दिल्याशिवाय शिरतां येत नाहीं. कुटुंबाचे आवश्यक कपडे व अंथरूण-पांघरूण, कारागिराचीं हत्यारें यांना हात लावतां येत नाहीं. जप्त माल शक्य तों येणें रकमेइतक्याच किंमतीचा असावा, आणि त्याची यादी करावी, असें बंधन आहे. पैसे द्यावयाचे तर पावतीवांचून एक रुपयाही देऊं नये.

खरोखरच अडचणींत असलेल्या कुटुंबानें, मग तें एखाद्या निवृत्त गृहस्थाचें असो वा मिळवता माणूस गमावलेल्या विधवेचें असो, नोटीस येतांच लेखी अर्ज करून जमेल तेवढी रक्कम भरावी. हप्त्यांची मुभा हक्कानें मिळत नसली तरी भरणा सुरू केलेल्या माणसाच्या अर्जाला वजन येतें. राष्ट्रीय लोकअदालतींत अशा थकबाकीचीं प्रकरणें दाखलपूर्व तडजोडीसाठीं ठेवलीं जातात; तेथेंही हजर राहावें.

लोणावळ्याच्या हद्दीबाहेर, कार्ल्याच्या परिसरांत किंवा पवनेच्या जलाशयाकांठीं घर असेल, तर वसुली ग्रामपंचायतीची आणि कायदा १९५८ चा. तेथेंही बिल, मागणी व जप्ती असा क्रम आहे.

ज्यांचें घर मावळांत आणि बिऱ्हाड शहरांत आहे, त्यांनीं दोन गोष्टी याच महिन्यांत कराव्या. कर खात्यांत जाऊन आपला चालू पत्ता नोंदवावा. आणि घर विकत घेतलेलें असल्यास दप्तरीं नांव बदललें आहे किंवा कसें तें पाहावें, नाहीं तर बिल जुन्या मालकाच्या नांवानें निघत राहील आणि थकबाकीचा बोजा मात्र घरावर चढेल. त्यानंतर दर वर्षीं बिलाची वाट न पाहतां तें आपण होऊन मागून घ्यावें.