सरडगुहिऱ्याचें आजारपण

पुण्याहून सोलापूरला जाणारा हमरस्ता यवत, वरवंड, पाटस हीं गांवें मागें टाकून कुरकुंभपाशीं आला म्हणजे प्रवाशाच्या नजरेस प्रथम पडतात तीं रासायनिक कारखान्यांचीं धुराडीं. दौंड तालुक्यांतील हें गांव पूर्वीं फिरंगाई देवीच्या देवळासाठीं ओळखलें जाई. आजहि देवीला माणसें येतात, पण गांवाचें नांव घेतल्यावर पुष्कळांना आठवते ती औद्योगिक वसाहतच. या दोहोंच्या भोंवतीं जो कोरडा माळ पसरला आहे, त्याच्याकडे कोणी फारसें पाहत नाहीं. बाभळी, बोरी, हिवर आणि तरवड यांच्या विरळ जाळ्या, मधून मधून शेताची काटेरी कुंपणें, आणि पाऊस बेताचाच. अशा मुलखांतल्या झुडुपांत एक असा जीव राहतो कीं, त्याचें नांव सर्वांच्या तोंडीं आहे आणि त्याला नीट पाहिलेला माणूस शंभरांत एखादा.

हा जीव म्हणजे सरडगुहिरा. कोणी त्याला घोयरा म्हणतात. कुंपणावर मान हलवीत बसणारा आणि विणीच्या दिवसांत गळ्याशीं लाल होणारा तो साधा सरडा निराळा. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण त्या चपळ प्राण्याला शोभते. सरडगुहिऱ्याला धांव म्हणून माहीतच नाहीं. तो फांदीवरून एकेक पाऊल तोलून, वाऱ्यानें हलणाऱ्या पानासारखा झुलत चालतो. त्याच्या पायाचीं बोटें दोन आणि तीन अशा जुळग्यांत विभागलेलीं, चिमट्यासारखीं. शेंपूट फांदीला विळखा घालणारें. डोळे दोन दिशांना स्वतंत्रपणें फिरणारे. आणि जीभ शरीराच्या लांबीहूनहि दूर फेंकली जाणारी. त्याला विष नाहीं. तोंड वासून, अंग फुगवून तो फुसकारतो तो केवळ भीतीमुळें. पण या फुसकारण्यानेंच त्याचा घात होतो, कारण माणसें त्याला विषारी समजून दगडांनीं ठेंचतात.

समजा, पावसाळा सरतां सरतां एक पुणेकर कुटुंब देवीचें दर्शन घेऊन मोटारीनें परत निघालें आहे. रस्त्याच्या मध्यावर कांहीं तरी हिरवें हलतांना दिसतें. गाडी थांबते, धाकटा मुलगा उतरतो आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांत त्या प्राण्याला उचलून घेतो. ट्रकच्या चाकाखालीं जाण्यापासून त्यानें एक जीव वांचविला, आणि त्याबद्दल त्याचें कौतुक होतें तें योग्यच. चूक होते ती पुढें. प्राणी पुण्यास येतो, सज्जांतल्या तुळशीवर बसविला जातो, त्याला नांव मिळतें, शेजारचीं मुलें पाहावयास येतात. नाकतोडे पकडून आणले जातात. तो ते घेत नाहीं. वाटींत पाणी ठेवलें जातें. तो त्याकडे पाहतहि नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्याचे डोळे खोल गेलेले दिसतात, रंग काळपट पडतो, आणि भर दुपारीं तो डोळे मिटून बसतो. आतां काय करावें, हा प्रश्न घरांत उभा राहतो.

येथें पहिली गोष्ट ध्यानांत घ्यावयाची ती ही कीं, सरडगुहिरा आजार लपवितो. रानांत दुबळा दिसणारा प्राणी ससाणा किंवा साप यांच्या तोंडीं जातो. म्हणून शेवटची शक्ति संपेपर्यंत तो फांदी घट्ट धरून बसतो. लक्षणें माणसाला दिसूं लागतात तेव्हां आजार बहुधा जुना झालेला असतो. दिवसा मिटलेले डोळे, ढिली पडलेली पकड, फांदीवरून खालीं पडणें, नेम धरूनहि जीभ न फेंकली जाणें, तोंड उघडें ठेवून श्वास घेणें, विष्ठेबरोबर पडणारा पांढरा भाग पिवळा वा नारिंगी होणें, यांपैकीं एकहि चिन्ह दिसलें तर उद्यां पाहूं असें म्हणण्याजोगा वेळ उरलेला नसतो. रंगावरून मात्र लगेच निदान करूं नये. हा प्राणी पार्श्वभूमीशीं जुळण्यासाठीं रंग पालटतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. ऊब, भीति, राग आणि जोडीदाराची ओढ यांनींहि तो पालटतो. जिनीव्हाच्या संशोधकांनीं मादागास्करमधील एका जातीचा अभ्यास करून २०१५ सालीं दाखविलें कीं, त्वचेंतील सूक्ष्म स्फटिकांचें परस्परांतील अंतर कमीअधिक झाल्यानें परावर्तित प्रकाशाचा रंग बदलतो. गारठलेला सरडगुहिरा ऊन शोषण्यासाठींहि काळसर होतो. ऊब मिळाल्यावरहि काळेपणा दिवसभर हटला नाहीं, तरच तें दुखण्याचें चिन्ह समजावें.

खोल गेलेले डोळे हें मात्र पाणी आटल्याचें स्पष्ट लक्षण होय. वाटींतलें स्थिर पाणी हा प्राणी पाणी म्हणून ओळखीतच नाहीं. पानावर लकाकणारा दंवाचा किंवा पावसाचा थेंब तो चाटतो. म्हणून पानांवर बारीक फवारा मारावा, किंवा भांड्याला सुईएवढें छिद्र पाडून थेंब थेंब पाणी पानावर गळूं द्यावें, आणि दूर व्हावें. कित्येकदां तो पंधरा-वीस मिनिटें नुसता पाहतो आणि मग पिऊं लागतो. घरांतील प्रेमळ माणसांना हा धीर नसतो. तीं त्याचा जबडा उघडून पिचकारीनें पाणी घालतात. श्वासनळीचें तोंड जिभेच्या बुडाशींच असतें. पाणी फुप्फुसांत गेलें म्हणजे तहानेनें आजारी पडलेला प्राणी न्यूमोनियानें मरतो. अन्न कोंबण्याचेंहि तसेंच. सरपटणाऱ्या प्राण्यांचें पचन बाहेरच्या उबेवर चालतें. थंड आणि शुष्क पडलेल्या पोटांत ढकललेला किडा पचत नाहीं, तो कुजतो. दया करणाऱ्याला हात आवरणें किती कठीण जातें, हें अशा वेळीं कळतें.

उबेच्या बाबतींतहि घाई नको. कांचेच्या पेटींत घालून प्राण्याला उन्हांत ठेवणें म्हणजे त्याला भाजणें होय. शिवाय उन्हांतील ज्या अतिनील किरणांच्या योगें त्याच्या त्वचेंत ड जीवनसत्त्व तयार होतें, ते किरण कांचेंतून पलीकडे येतच नाहींत. कोंवळें ऊन, जवळच दाट सावली, आणि दोहोंमध्यें स्वतःच्या मर्जीनें जाण्यायेण्याची मोकळीक असली म्हणजे पुरे.

परदेशांत येमेन आणि मादागास्कर येथील जाती लोक हौसेनें पाळतात, आणि त्यांच्या आजारांचें ज्ञान बहुतेक तेथूनच आलें आहे. तें ज्ञान पाळणाऱ्यांच्या अभिमानाला फारसें पोषक नाहीं. पिंजऱ्यांतल्या या प्राण्याला होणारें मुख्य दुखणें म्हणजे हाडें मऊ पडणें. बाजारांतल्या किड्यांत फॉस्फरस अधिक आणि चुना कमी. दिवा जुना होऊन त्याचे अतिनील किरण क्षीण झालेले, पण उजेड तेवढाच दिसत असल्यानें मालकाच्या तें लक्षांत येत नाहीं. मग शरीर स्वतःच्याच हाडांतला चुना काढून वापरूं लागतें. जबडा रबरासारखा वांकतो, पाय धनुष्याकार होतात, आणि जीभ तोंडांतून बाहेर जाईनाशी होते. वेळींच ओळखल्यास उपचार होतो. परंतु वांकलेलें हाड बहुधा सरळ होत नाहीं. दुसरें दुखणें मूत्रपिंडाचें: वर्षानुवर्षें थोडें थोडें कमी पडलेलें पाणी, मग सांध्यांत सांठलेले युरिक आम्लाचे खडे. दोन्ही दुखण्यांचें मूळ पिंजऱ्याच्या रचनेंत असतें.

सज्जांतल्या त्या रुग्णाचें दुखणें आणखी निराळें असूं शकतें. झाड सोडून तो प्राणी भर रस्त्यांत कां आला होता, हा प्रश्न मोटारींत कोणाला सुचला नव्हता. सरडगुहिऱ्याची मादी पावसाळ्यानंतर अंडीं घालण्यासाठींच जमिनीवर उतरते. ओलसर, भुसभुशीत माती शोधून ती बीळ खणते, त्यांत दहा ते तीस अंडीं ठेवते आणि वर माती ढकलून पुन्हां झाडावर चढते. तिला उचलून चौथ्या मजल्यावर आणलें म्हणजे माती उरत नाहीं; ती कुंडीच्या कडा आणि भिंतीचे कोपरे ओरबाडीत राहते. मुलांना तो खेळ वाटतो. अंडीं आंतच अडकलीं म्हणजे ती खाणें सोडते, पोट तणावतें, आणि कांहीं दिवसांत ती मरते. हें निदान घरांत करतां येत नाहीं. क्ष-किरण चित्रावरून किंवा सोनोग्राफीवरून तें कळतें, आणि क्वचित् शस्त्रक्रिया करावी लागते.

म्हणून तुळशीजवळ बसून तर्क लढविण्यापेक्षां दूरध्वनि उचलावा हें बरें. महाराष्ट्र वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें सरडगुहिरा संरक्षित आहे. त्याला पकडणें, विकणें किंवा घरीं बाळगणें हा गुन्हा होय. परदेशी जातीचा प्राणी ज्यांच्या घरीं आहे, त्यांनाहि २०२४ च्या नियमांप्रमाणें त्याची नोंद करावी लागते. कायद्याच्या धाकानें कित्येक जण आजारी प्राणी लपवितात, किंवा रात्रीं गुपचूप बागेंत सोडून देतात. हें त्याच्या दृष्टीनें सर्वांत वाईट. रस्त्यावरून वांचविलेला जीव वनविभागाच्या स्वाधीन करण्यांत लाज वाटण्याजोगें कांहीं नाहीं. पुण्यास कात्रज येथें १९८६ सालीं सर्पोद्यान सुरू झालें, १९९९ सालीं तेथें प्राणिसंग्रहालय झालें, आणि जखमी वन्य प्राण्यांसाठीं तेथें अनाथालयहि आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य मात्र पाहून निवडावा; कुत्र्यामांजरांच्या मापानें दिलेलें औषध येथें चालत नाहीं.

नेतांना भोंकें पाडलेलें खोकें घ्यावें, आंत एक आडवी फांदी पक्की बसवावी, म्हणजे त्याच्या पायांना आधार मिळतो. खोकें झांकलेलें ठेवावें, आणि वाटेंत उघडून पाहूं नये. जाणता वैद्य प्रथम ऊब देतो, मग त्वचेखालून द्रव देतो आणि त्यानंतर औषधाकडे वळतो. जंतुनाशक औषधांपैकीं कांहीं औषधें शुष्क प्राण्याचीं मूत्रपिंडें बिघडवितात, म्हणून हा क्रम उलटा करून चालत नाहीं. कित्येकदां इतकें करूनहि प्राणी दगावतो, आणि घरांतल्या मुलाला तें सरळ सांगावें लागतें.

तो जगला, तर त्याला पुण्याच्या एखाद्या उद्यानांत सोडीत नाहींत. जेथून उचलला तो मैलाचा दगड किंवा तें वळण मुलाला आठवत असेल, तर त्याची माहिती वनरक्षकाला मोलाची ठरते. सोडण्याची वेळ सकाळची, म्हणजे रात्रीपूर्वीं त्याला ऊन आणि आसरा दोन्ही मिळतात. जागा हमरस्त्यापासून आंत, नुकतें औषध फवारलेल्या शेतापासून दूर, जाळी दाट असेल तेथें. फांदी खोक्याच्या तोंडाशीं टेंकवली म्हणजे तो प्रथम एक डोळा माणसांकडे आणि दुसरा बाभळीकडे वळवितो. मग एक पाऊल उचलतो, झुलतो, थांबतो. पांच-सात मिनिटांनीं तो हिरव्या फांद्यांत कोठें आहे हें, इतके दिवस त्याच्याजवळ बसलेल्या मुलालाहि दाखवितां येत नाहीं.