कारखान्याची जागा आणि भारांकांची शिस्त

पारशिवनी येथे जमलेल्या उद्योजक, अभियंते व अभ्यासक यांच्यासमोर ठेवण्याचा विषय व्यवहारातला आहे. उद्योगासाठी जागा निवडताना कच्च्या मालाचे अंतर किलोमीटरमध्ये, जमीन रुपयांत आणि पाण्याची शाश्वती वर्षानुवर्षांच्या अनुभवात मोजावी लागते. ही न जुळणारी मापे एकत्र आणण्यासाठी भारांकित गुणांकन वापरतात, म्हणजे प्रत्येक निकषाला महत्त्वाप्रमाणे भारांक देऊन त्यांची बेरीज 100 ठेवतात, प्रत्येक जागेला त्या निकषावर 10 पैकी गुण देतात आणि गुणाकारांच्या बेरजेवरून क्रम लावतात.

कोष्टक नव्हते तेव्हाही विचार हाच होता. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी सुरू केलेल्या एम्प्रेस मिलसाठी मुंबई सोडून नागपूर निवडले, कारण कापूस भोवती पिकत होता, लोहमार्ग शहरात पोचला होता आणि वरोऱ्याचा कोळसा आवाक्यात होता. धबधब्याच्या पाण्यामुळे आधी मनात भरलेली जबलपूरजवळची जागा मात्र मिळू शकली नाही. नागपुरातली दलदलीची जमीन भरून काढणे हे सोने मातीत घालणे होय, असे एका स्थानिक सावकाराला वाटले होते; त्याने एकच निकष तोलला होता, एवढाच त्याचा दोष.

आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने 1909 मध्ये वजन घटणाऱ्या मालाचे तत्त्व मांडले, ते असे की प्रक्रियेत ज्याचे वजन बरेच कमी होते त्या मालाचा कारखाना मालाच्या उगमाकडे ओढला जातो. कापसातून वजनाने सुमारे एक तृतीयांश रुई निघते आणि उरलेली बहुतेक सरकी असते, म्हणून जिनिंग शेताजवळ बरे.

आता एक काल्पनिक जिनिंग घ्यावे आणि कच्चा माल, वाहतूक, वीज व मजूर यांना अनुक्रमे 40, 30, 20 व 10 भारांक द्यावेत. पारशिवनीला 9, 5, 6, 8 आणि लोहमार्ग व राष्ट्रीय महामार्ग दोन्ही लाभलेल्या कन्हानला 6, 9, 8, 7 असे गुण धरले तर बेरीज 710 व 740 येते आणि कन्हान जिंकते. कच्च्या मालाचा भारांक 50 व वाहतुकीचा 20 केला की तीच बेरीज 750 व 710 होते. गुण एकही बदललेला नाही. म्हणजे खरा निर्णय भारांकांत असतो, आणि आवडती जागा मनात ठरवून भारांक मागाहून बसवणाऱ्याला हे कोष्टक मुकाट्याने साथ देते.

दुसरी अडचण याहून गंभीर आहे. बेरजेत एका निकषाची उणीव दुसऱ्याच्या भरघोस गुणांनी झाकली जाते, पण पाण्यावर चालणाऱ्या उद्योगाला पाण्याची उणीव स्वस्त जमिनीने भरून काढता येत नाही. याच तालुक्यात नवेगाव-खैरी येथे पेंच नदीवर धरण आहे. परंतु पेंच प्रकल्पाच्या पाण्यावर नागपूरचा पिण्याचा पुरवठा, औष्णिक वीजनिर्मिती व सिंचन यांचा हक्क आधीच लागलेला असल्याने, केवळ धरण जवळ म्हणून पाण्याला 9 गुण देणे भाबडेपणाचे ठरेल. उत्तरेकडील पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातील निर्बंधही असेच आहेत. ते गुणांचा विषय नसून प्रवेशाची अट आहेत आणि ती न पाळणारी जागा कोष्टकात येताच कामा नये.

म्हणून या सभागृहातील प्रत्येक उद्योजकास विनंती आहे की त्याने आधी अशा अटी लिहाव्यात, मग जागा पाहण्यास निघण्यापूर्वीच भारांक कारणांसह व तारखेसह नोंदवावेत, आणि ते थोडे हलवल्यावर क्रम उलटत असेल तर ती गोष्ट बँकेला देण्याच्या प्रकल्प अहवालात उघडपणे सांगावी.